नवी गाडी वीतभर लांब

पत्राचा गोषवारा: पुण्यातले हे वाचक अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे २०१४ सालची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आहे, डिझेल, ब्याण्णव हजार किलोमीटर झालेली. ड्रायव्हर ठेवलेला नाही, स्वतःच चालवतात आणि आवडीने चालवतात. आता बदलावी म्हणून शोरूममध्ये गेले, तर नेहमीच्या इंजिनाची थ्री सिरीज म्हणून समोर आली ती लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली. चालवून पाहिली. ‘गाडी उत्तम, पण माझी वाटली नाही. मागे कुणी साहेब बसलेत आणि मी त्यांना सोडायला चाललोय, असंच वाटत राहिलं,’ असं ते लिहितात. सोसायटीतली त्यांची पार्किंगची जागा पाच मीटर बाय अडीच मीटर, एका बाजूला खांब. घरात पत्नी, बारावीतला सहा फुटी मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. पत्नी म्हणते, ‘मागे बसायचं मी आणि बाबांनी, आणि गाडी ठरवायची तू एकट्याने?’ वाचकांचे प्रश्न दोन: स्पोर्ट्स सेडान म्हणवणाऱ्या गाड्या दर पिढीला वाढवत नेणं बरोबर आहे का? आणि ही घ्यावी, की जुनीच सांभाळावी?

तुमचं पत्र वाचून झाल्यावर आधी वही घेतली आणि दोन गाड्यांची मापं शेजारी शेजारी लिहून काढली. ‘गाडी चहूबाजूंनी फुगली आहे’ असं तुम्ही म्हणता. आकडे वेगळं सांगतात. तुमची गाडी ४.६२ मीटर लांब आणि १.८१ मीटर रुंद. नवी लांब थ्री सिरीज ४.८२ मीटर लांब आणि १.८३ मीटरला जराशी कमी रुंद. म्हणजे लांबीत वीतभर भर आणि रुंदीत फक्त दीड-पावणेदोन सेंटिमीटर, करंगळीएवढी. खांबाला दार लागण्याची तुमची जी तक्रार आहे ती रुंदीची आहे, आणि खरं सांगायचं तर ती तुमच्या आजच्या गाडीलाही लागू आहे. दहा वर्षांत सवय झाली म्हणून टोचत नाही, एवढंच.

आता त्या वीतभर लांबीचं काय झालं ते बघा. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.८१ मीटर, नवीत २.९६. वाढलेल्या वीस सेंटिमीटरपैकी पंधरा चाकांच्या मधे गेले, आणि त्यातले बहुतेक मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे. तुम्हाला ड्रायव्हर झाल्यासारखं वाटलं ते उगाच नाही. ती गाडी खरोखरच मागच्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून ताणलेली आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. तुमच्या गाडीची पिढी २०१२ मध्ये बाजारात आली तेव्हा ती आधीच्या थ्री सिरीजपेक्षा सुमारे नऊ सेंटिमीटर लांब होती. तेव्हाही जुन्या मॉडेलवाल्यांनी हेच म्हटलं होतं: आता ही आपली राहिली नाही, गाडी सुस्तावली. तुम्ही तिच्यात पहिल्यांदा बसलात आणि तुम्हाला ती अगदी नेटकी वाटली. आपण जिच्यावर जीव लावतो त्या गाडीचं माप आपल्याला मूळ माप वाटतं. त्याच्या आधीचं सगळं कोंदट आणि नंतरचं सगळं अवजड.

मूळ माप शोधायचंच तर १९७५ मध्ये जावं लागेल. पहिली थ्री सिरीज ४.३५ मीटर लांब आणि १.६१ मीटर रुंद होती. दुसरी पिढी, जिच्यासाठी आजही लोक वेडे होतात ती ई३०, पहिलीपेक्षा तीन सेंटिमीटर आखूड निघाली. तिथून पुढे मात्र गाडी चढतच गेली. आजची साधी, न ताणलेली थ्री सिरीज ४.७१ मीटरची आहे. १९८८ साली आलेली फाइव्ह सिरीज ४.७२ मीटरची होती! म्हणजे नाव तेच राहिलं आणि गाडी एक पायरी वर सरकली. मर्सिडीजचंही तसंच. पुण्यात १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जी ई-क्लास जोडली जाऊ लागली, ती डब्ल्यू१२४, ४.७४ मीटरची होती. त्या काळी ती रस्त्यावर दिसली की लोक वळून बघत, एवढी मोठी गाडी. आजची सी-क्लास तिच्यापेक्षा सेंटिमीटरभर लांबच आहे.

हे का होतं, याची कारणं एका माळेची नाहीत. काही कारणांशी भांडता येत नाही. १९९७ पासून युरोपात युरो एनकॅपच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर होऊ लागले. धडकेत चेपायला पुढे जागा हवी, दारात पोलाद हवं, पायी चालणाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेट आणि इंजिनाच्या मधे पोकळी हवी. ई३०चे ते सुईसारखे बारीक खांब दिसायला देखणे होते, पण मुलाला तिच्यात बसवून एक्स्प्रेस-वेवर सोडाल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. मी नाही सोडणार.

बाकीची कारणं दुकानदारीची आहेत. नवं मॉडेल आधीच्यापेक्षा ‘जास्त’ असलंच पाहिजे, आणि जास्त दाखवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लांबी. गाडी वर सरकली की खाली जागा रिकामी होते. मग तिथे नवं नाव आणायचं. वन सिरीज २००४ मध्ये आली ती अशाच मोकळ्या झालेल्या पायरीवर.

आणि तिसरं कारण आपण स्वतः. तुम्ही लिहिता, ‘कंपन्या गिऱ्हाइकाचं ऐकतच नाहीत.’ मला वाटतं त्या फार नीट ऐकतात, फक्त तुमचं नाही. चीनमध्ये मालक मागे बसतो हे जर्मन कंपन्यांनी ओळखलं आणि त्या बाजारासाठी गाड्या ताणायला सुरुवात केली. आपल्याकडे मर्सिडीजने २०१७ मध्ये लांब ई-क्लास आणली, चाकणलाच बनवली, आणि ती इतकी खपली की आखूड आणायचं त्यांना कारणच उरलं नाही. बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये लांब थ्री सिरीज आणि २०२४ मध्ये लांब फाइव्ह सिरीज आणली. ही फाइव्ह ५.१७ मीटरची आहे, तुमच्या पार्किंगच्या जागेपेक्षा लांब. आपल्याकडे साठ लाखांची गाडी घेणारे बरेच जण मागे बसून फोनवर बोलतात. जे स्वतः चालवतात ते मागणी करत नाहीत, जुनी गाडी दहा-बारा वर्षं वापरतात आणि मला पत्र लिहितात. (रागावू नका. मीही त्यातलीच.)

मग वाढ बरोबर आहे का? मला विचाराल तर इथून पुढची नाही. सुरक्षेसाठी जे वाढवायचं होतं ते वाढवून झालं. आता जे वाढतंय त्यातलं बरंचसं वजन आहे, आणि मग ते वजन ओढायला ताकद. याचं सर्वांत बोलकं उदाहरण एम५, म्हणजे फाइव्ह सिरीजचा वेगवान अवतार. २०००च्या आसपासची एम५ चारशे अश्वशक्तीची आणि साधारण अठराशे किलोंची होती. २०२४ची ७२७ अश्वशक्तीची, प्लग-इन हायब्रिड (म्हणजे इंजिनाबरोबर चार्ज करायची बॅटरीही), आणि वजन चोवीसशे किलोंच्या वर. आता गंमत अशी की तिच्या आधीची, सहाशे अश्वशक्तीची एम५ शून्यावरून शंभरला ३.४ सेकंदांत पोचायची. सव्वाशे घोडे वाढवून नवी पोचते ३.५ सेकंदांत. वाढवलेले सगळे घोडे स्वतःचीच बॅटरी ओढण्यात खर्ची पडले. वळणावर, ब्रेक मारताना, टायर बदलताना ते वजन पुन्हा भेटतंच. युरोपातही याचा वैताग आता रस्त्यावर आला आहे. २०२४च्या फेब्रुवारीत पॅरिसने मतदान घेऊन जड गाड्यांचं बाहेरून येणाऱ्यांसाठीचं पार्किंग तिप्पट महाग केलं. मतदान एसयूव्हींच्या नावाने झालं खरं, पण काटा मात्र किलोंचा लावला: पेट्रोल-डिझेल-हायब्रिडला सोळाशे किलो, विजेच्या गाडीला दोन हजार. त्या काट्यात बऱ्याच सेडानही अडकतात.

‘एकदा वाढलेली गाडी पुन्हा लहान होत नाही’ हे तुमचं वाक्य मात्र मी मान्य करणार नाही. १९९८ची एस-क्लास आधीच्या अवाढव्य एस-क्लासपेक्षा आखूडही होती आणि हलकीही. माझदाची छोटी उघडी एमएक्स-५ चौथ्या पिढीत आखडून ३.९ मीटरवर आली. आणि लांब कशाला जायचं, आपली डिझायर! २००८ची पहिली डिझायर ४.१६ मीटरची होती. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला करात सवलत होती, म्हणून २०१२ मध्ये मारुतीने तिची शेपूट कापली आणि ३.९९५ मीटरवर आणली. डिकी ४४० लिटरची ३१६ लिटर झाली, दिसायला ती मागून छाटल्यासारखी दिसली, आणि लोकांनी रांगा लावल्या. मजा म्हणजे चाकांमधलं अंतर त्यांनी उलट चार सेंटिमीटर वाढवलं होतं, त्यामुळे आत बसणाऱ्याला काही कमी पडलं नाही. गाडी लहान करता येते. करायला कारण लागतं. तुमच्या किमतीच्या गाड्यांना ते कारणच नाही: सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल गाडीने चार मीटरची रेघ ओलांडली की जीएसटी चाळीस टक्के, मग गाडी साडेचार मीटरची असो की सव्वापाच.

इतका वेळ तुमच्या बाजूने बोलले, आता थोडं तुमच्या पत्नीच्या बाजूने. त्यांचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला ते रास्त वाटलं. फक्त तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात, ती तपासून बघू: मागे जागा जास्त म्हणजे बाबांना आराम जास्त.

माझी मावशी ब्याऐंशीची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. तिला गाडीत बसताना मी अनेकदा पाहिलंय. ती आधी दाराकडे पाठ करते, हाताने सीटची कड चाचपते, मग स्वतःला सोडून देते; आणि त्या सोडून देण्याच्या क्षणी तिचा चेहरा आवळतो. पुढे पाय ताणायला किती जागा आहे, याचा त्या क्षणाशी संबंध नाही. सीट किती खाली आहे, याचाच आहे. उतरताना उलटं: दोन्ही पाय एकदम बाहेर, वरचं हँडल धरायचं आणि ‘उचल गं’ म्हणायचं. सेडानची सीट खालीच असणार, लांब असो की आखूड. बाबांच्या गुडघ्यांवर लांब व्हीलबेसचा उपाय चालत नाही. उलट मागचं दार लांब झालं की ते उघडायला बाजूला जास्त जागा लागते. तुमच्याकडे खांब आहे. म्हणजे पार्किंगमध्ये ते दार अर्धवटच उघडणार, आणि आत ऐसपैस जागा असलेल्या गाडीतून बाबा तिरके होऊन बाहेर पडणार.

सहा फुटी मुलाचं वेगळं. त्याला जागा खरंच लागते, आणि लांब गाडी त्याला ती देते. पण तो बारावीत आहे. पुढच्या वर्षी तो याच घरात असेल की हॉस्टेलवर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दोन सुट्ट्यांसाठी दहा वर्षं वीतभर जास्त गाडी ओढायची का, याचा हिशेब घरी बसून करा. मागच्या वर्षी मागची सीट किती दिवस भरलेली होती ते फोनमधले फोटो आणि टोलचे मेसेज बघून मोजा. अंदाजाने सांगू नका. आपल्याला सगळ्यांनाच वाटतं की आपण दर महिन्याला सहकुटुंब कोकणात जातो.

आता घ्यायचं काय. आखूड थ्री सिरीज आपल्याकडे मिळाली आहे, पण एम३४०आय या रूपात: सहा सिलिंडर, चारही चाकांना ताकद, किंमत बरीच वर. लहान गाडी हवी तर जास्त पैसे आणि जास्त पेट्रोल, असा हा उफराटा न्याय आहे. तरी तुम्हाला चालवण्याचंच सुख हवं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मनातली गाडी तीच. टू सिरीजची चार दारांची गाडी ४.५५ मीटरची, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षाही आखूड. पण तिची पुढची चाकं गाडी ओढतात, आणि मागे छत उतरतं असल्याने मुलाचं डोकं टेकेल. आकड्यांनी ती तुमच्या गाडीची वारस वाटेल, पहिल्या वळणावर वाटणार नाही. अर्थात बाजारात मॉडेलं येतात-जातात, म्हणून नावावर जाऊ नका. तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: मागची पिढी ज्या मापाची होती ते माप लिहून न्या आणि आज त्या मापात काय मिळतंय ते विचारा, मग पाटी कुठलीही असो. खालच्या नावाची गाडी घेतली तर शेजारी काय म्हणतील, हा भाग तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण ‘थ्री’ हा शब्द तुम्ही नऊ वेळा लिहिलाय.

जुनी ठेवणं हाही पळपुटेपणा नाही. २०१४ची गाडी, म्हणजे आरसी २०२९ पर्यंत. त्यानंतर तपासणी, हरित कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण असा रस्ता महाराष्ट्रात खुला असतो. दहा वर्षांच्या डिझेलवर जे गंडांतर आहे ते दिल्लीकडचं, आपल्याकडे ते लागू नाही. ब्याण्णव हजारांवर गाडी सैल वाटत असेल, तर शॉकअप, बुश आणि चांगले टायर एवढं करून दोन महिने चालवा. बऱ्याच जणांची नव्या गाडीची तहान तिथेच भागते. खर्च ऐकून घाम फुटेल, पण नव्या गाडीच्या रोड टॅक्सपुढे तो काहीच नाही. दोन-तीन वर्षं अशी काढली, मुलाचं शिक्षण मार्गी लागलं, की मग बघता येईल. मला स्वतःला तुमच्या जागी हाच मार्ग पटतो. बाबांसाठी मात्र तोवर थांबू नका: त्यांना डॉक्टरकडे न्यायचं असेल त्या दिवशी सरळ उंच सीटची टॅक्सी बोलवा. महिन्याच्या चार फेऱ्या टॅक्सीने होतात, त्यासाठी सेडान बदलायला नको.

आणि तरीही लांब गाडीकडे मन ओढलंच, तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या फेरीवर संपवू नका. गाडी घरी आणा, चौघं बसा, आणि सोसायटीच्या गेटवरचा तो उंच स्पीडब्रेकर ओलांडा. चाकांमधलं अंतर वाढलं की पोट घासायची शक्यता वाढते, आणि ती रिकाम्या गाडीत कळत नाही. बेसमेंटच्या रॅम्पच्या वळणावर आतलं मागचं चाक कुठे जातं ते बाहेर उभं राहून बघा, तुम्ही नाही, मुलाला उभा करा. पण हे सगळं नंतर. आधी या रविवारी सकाळी तुमची गाडी जरा बाहेर काढून ठेवा, आणि टेप व खडू घेऊन खाली जा. तुमच्या जागेत ४.८२ बाय २.०७ मीटरचा चौकोन आखा. रुंदीत आरसे धरले आहेत. पुढे-मागे मिळून अठराच सेंटिमीटर उरतील. मागच्या दाराच्या जागी एक खुर्ची ठेवा, बुटकी, सीटच्या उंचीची. मग खांबापर्यंतचं अंतर मोजा, आणि खुर्चीवरून उठून त्या फटीतून बाहेर यायला किती वेळ लागतो ते बघा. आधी तुम्ही, मग पत्नी, आणि वॉचमनने रेघा पुसायच्या आत बाबांनाही खाली घेऊन या.